साइट उघडत नाही तेव्हा: आधी संदेश वाचावा, मग यंत्राला हात लावावा

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सेवा केंद्राच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसे उभी असतात, कारण खरीप पीक विम्याची मुदत सहसा ३१ जुलैला संपते आणि पेरणी, डवरणी, दुबार पेरणीची धास्ती यांतून शेतकऱ्याला सवड मिळते ती शेवटच्या दिवसांतच. सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, अर्धे भिजत आलेले काकाजी समोर बसलेले असतात आणि पडद्यावर अर्जाऐवजी पांढरे पान येते, त्यावर राखाडी अक्षरांत एक इंग्रजी ओळ. काकाजी विचारतात, "नेट तर चालू हाये म्हणता, मंग हे काऊन उघडत नाही, भाऊ?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात मी बरीच वर्षे हे काम करतो आहे आणि या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या राखाडी ओळीतच लिहिलेले असते, हे मला उशिरा कळले. ब्राउझर नुसते "चालत नाही" असे कधी सांगत नाही. वाट कुठे तुटली हे तो शक्य तितके नेमके सांगतो. आपण मात्र ती ओळ न वाचता राऊटर बंद करतो, ब्राउझर काढून पुन्हा टाकतो, कोणीतरी सांगितले म्हणून सगळी माहिती पुसतो, आणि या गडबडीत मूळ दोष तसाच राहून दोन नवे उभे राहतात. म्हणून या लेखातली पहिली सूचना एवढीच आहे, की कोणतेही बटण दाबण्यापूर्वी तो संदेश शब्दशः कागदावर उतरवून घ्यावा किंवा मोबाइलने त्याचा फोटो काढावा. पुढचे सगळे त्या ओळीवर अवलंबून आहे.

संदेश लिहून घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात आणि त्यांना मिळून दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. त्याच संगणकावर दुसरी एखादी, एरवी नेहमी चालणारी साइट उघडते का, हे प्रथम पाहावे. ती उघडत असेल तर नेट आहे, दोष त्या एका साइटचा किंवा तिच्यापर्यंतच्या वाटेचा आहे. मग तीच साइट त्याच वायफायवर दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे मोबाइलवर, उघडून पाहावी. तिथे उघडली तर दोष पहिल्या संगणकात आहे. शेवटी मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट पाहावी; तिथे उघडली आणि वायफायवर उघडली नाही, तर दोष वायफायच्या पलीकडच्या जोडणीत आहे. तिन्ही ठिकाणी नाही उघडली, तर बहुधा साइटच बंद आहे आणि आपल्या यंत्राशी झटापट करण्यात अर्थ नाही.

विहिरीवरून वावराला ओलित करताना शेवटच्या सरीत पाणी आले नाही, तर कोणताही शेतकरी सरी उकरत बसत नाही. तो आधी मोटार चालू आहे का पाहतो, मग पाइपाचे सांधे, मग वॉल्व्ह, मग दांड कुठे फुटला आहे का, अशा क्रमाने चालत जातो. ब्राउझरची वाटही अशीच आहे. आपले यंत्र, वायफाय, राऊटर, नेट पुरवणाऱ्याची तार, नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस, आणि शेवटी ज्या संगणकावर साइट ठेवलेली आहे तो सर्व्हर. संदेश यांपैकी कोणत्या सांध्याकडे बोट दाखवतो, तेवढे ओळखता आले की काम निम्मे होते.

नेटच नाही असे दिसले तर

'नो इंटरनेट' किंवा 'इंटरनेट डिस्कनेक्टेड' असा संदेश असेल, तर दोष आपल्या घरात किंवा दारापर्यंतच्या तारेत आहे. गावात आता फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाने नेट आणणारी, जोडणी बऱ्याच ठिकाणी आली आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. पुढे खासगी पुरवठादारांनीही खांबांवरून तारा ओढल्या. या फायबरचा शेवट ज्या छोट्या पांढऱ्या डबीत होतो, तिला ओएनटी म्हणतात आणि तिच्यावरचे दिवे वाचायला शिकणे हे या सगळ्या कामातले सर्वांत उपयोगी शिक्षण आहे. 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर जिवंत आहे. 'एलओएस' नावाचा दिवा लाल लागला किंवा लाल लुकलुकू लागला, तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली आहे किंवा निघाली आहे. आमच्याकडे नाली खोदायला किंवा रस्ता रुंद करायला जेसीबी आला, की त्या दिवशी हा दिवा लाल होणार, हे आता ठरल्यासारखे झाले आहे. अशा वेळी राऊटर दहा वेळा बंद-चालू करूनही काही होत नाही; थेट तक्रार नोंदवावी आणि तक्रारीत "एलओएस लाल आहे" हे शब्द आवर्जून सांगावेत, म्हणजे समोरची व्यक्ती "राऊटर रिस्टार्ट करा" सांगण्यात वेळ घालवत नाही.

फायबरची पिवळी किंवा काळी बारीक तार काटकोनात दुमडू नये, खिळ्याला गुंडाळू नये, कारण काच फार वाकली की प्रकाश बाहेर निसटतो आणि तार न तुटताही जोडणी जाते. उंदीर हे दुसरे कारण. आणखी एक गोष्ट मी केंद्रात काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, की तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

एलओएस लाल नसेल तर मात्र बंद-चालू करण्याला अर्थ आहे, फक्त ते क्रमाने करावे. ओएनटी आणि राऊटर दोन्हींचे प्लग काढावेत, अर्धा मिनिट थांबावे, आधी ओएनटी लावावी, तिचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन मिनिटे वाट पाहावी आणि मगच राऊटर लावावा. बटण दाबून लगेच पुन्हा दाबणे म्हणजे बंद-चालू करणे नव्हे. टिनाच्या छपराखाली, पत्र्याला लागून राऊटर बसवलेला असेल तर मे महिन्यात दुपारी तो तापून अडखळतो. त्याला भिंतीच्या खालच्या, हवेशीर भागात आणावे. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावेत, कारण फायबरमधून वीज येत नसली तरी अ‍ॅडाप्टरच्या आणि तांब्याच्या लॅन केबलच्या वाटेने ती येते.

मोबाइल डेटावर काम चालत असेल तर एक वेगळाच घोटाळा होतो आणि तो ओळखायला लोकांना फार वेळ लागतो. "व्हॉट्सअ‍ॅप येते, मग साइट का येत नाही?" असा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. अनेक प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. हा वेग म्हणजे सेकंदाला साधारण आठ किलोबाइट. एका ओळीचा संदेश त्यात सहज जातो. पण चित्रे आणि नकाशे असलेले दोन एमबीचे पान यायला चार मिनिटांहून अधिक लागतात आणि तेवढा वेळ ना सर्व्हर थांबतो, ना ब्राउझर. परिणामी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असा संदेश येतो आणि आपण साइटला दोष देतो. म्हणून मोबाइलवर हा संदेश आला की पहिल्यांदा आजचा डेटा शिल्लक आहे का ते पाहावे. शिल्लक असेल, तर फोनच्या वरच्या पट्टीत ४जी किंवा ५जी लिहिले आहे की नुसते 'ई' किंवा 'एच', म्हणजे जुने, मंद नेट, हे पाहावे. 'ई' असेल तर विमान मोड दहा सेकंद लावून काढावा, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. आणि गच्चीवर किंवा गोठ्याबाहेर मोकळ्यात जाऊन पाहावे. लाइन बराच वेळ गेलेली असेल तर टॉवरची बॅटरीही उतरते, हे लक्षात असू द्यावे. तेव्हा फोन बदलूनही उपयोग नसतो, दुसऱ्या कंपनीचे सिम असेल तरच मार्ग निघतो. सेवा केंद्र चालवणाऱ्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसटी स्टँड किंवा रेल्वे स्थानकावरच्या फुकट वायफायवर काही उघडत नसेल, तर बहुधा मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान पुढे आलेले नसते; वायफायच्या नावावर बोट ठेवून 'साइन इन' शोधावे.

नाव सापडत नाही, पण नेट आहे

'डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन' असा लांबलचक संदेश पाहून माणूस घाबरतो, पण त्याचा अर्थ अगदी साधा आहे. इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो आणि आपण टाइप करतो ते नाव. नावावरून आकडा शोधून देणारी जी व्यवस्था १९८३ मध्ये उभी राहिली, तिलाच डीएनएस म्हणतात. फोनमध्ये आपण जावयाचे नाव दाबतो आणि फोन स्वतः त्याचा नंबर लावतो, तसेच हे काम आहे. एनएक्सडोमेनचा अर्थ एवढाच, की या नावाचा कोणी यादीत नाही.

त्यामुळे पहिली शंका आपल्याच टायपिंगवर घ्यावी. महाभूमी, महाडीबीटी, पीएमकिसान अशा नावांत एक अक्षर मागेपुढे झाले किंवा शेवटच्या 'गव्ह डॉट इन' ऐवजी सवयीने 'डॉट कॉम' लिहिले, की हा संदेश येतो, आणि खरे तर तो आला हे आपले नशीब, कारण चुकीच्या नावावर कोणी हुबेहूब सरकारी दिसणारी बनावट साइट मांडून ठेवलेली असेल तर संदेश न येता ती साइटच उघडते आणि आधार क्रमांक व ओटीपी मागू लागते. नेहमीच्या साइटी एकदा नीट तपासून बुकमार्क कराव्यात आणि तिथूनच उघडाव्यात, दरवेळी शोधून नव्हे.

नाव बरोबर असूनही संदेश येत असेल, तर नेट खरोखर आहे का आणि फक्त नावच सापडत नाही का, हे वेगळे करून पाहता येते. विंडोज संगणकावर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबावे, येणाऱ्या चौकटीत 'सीएमडी' लिहून एंटर दाबावे आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द, एक स्पेस आणि ८.८.८.८ असे लिहून एंटर दाबावे. आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी आकड्यांतच लिहावेत. 'रिप्लाय फ्रॉम' अशा चार ओळी आल्या तर नेट जिवंत आहे. मग पिंगपुढे आकड्याऐवजी एखाद्या साइटचे नाव लिहावे. आकड्याला उत्तर येते आणि नाव सापडत नाही असे म्हणते, तर दोष नक्की डीएनएसचा. इथे एक सावधगिरी सांगायला हवी, की अनेक सरकारी सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत. त्यामुळे नावासमोर आकडा दिसला पण उत्तर आले नाही, तर साइट बंद आहे असे म्हणू नये. नावाचा आकडा झाला, एवढेच इथे पाहायचे असते.

उपाय दोन आहेत. संगणकाने जुना, बदललेला पत्ता लक्षात ठेवला असेल तर तो पुसावा; त्यासाठी त्याच काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग', मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला जोडून 'फ्लशडीएनएस' असे लिहावे. यात फोटो, पासवर्ड, कागदपत्र असे काहीही पुसले जात नाही, त्यामुळे निर्धास्त करावे. तेवढ्याने भागले नाही, तर नेट पुरवणाऱ्याचा डीएनएस सर्व्हर अडलेला असू शकतो. अशा वेळी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन गूगलचा ८.८.८.८, जो २००९ पासून सर्वांसाठी खुला आहे, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, जो २०१८ पासून आहे, यांपैकी एक लिहिता येतो. लिहिण्यापूर्वी आधीची सेटिंग कशी होती त्याचा फोटो काढून ठेवावा.

याच्या उलट अनुभव मोबाइलवर येतो. मागच्या वर्षी एक शेतकरी मावशी फोन घेऊन आल्या. चार दिवसांपासून त्यांच्या फोनवर काहीच उघडत नव्हते, सिम बदलून झाले होते, दुकानदाराने फोन फॉरमॅट करायला सांगितले होते. फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही' अशा अर्थाची सूचना पडून होती. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत आल्यावर जाहिराती थांबवण्यासाठी तिथे एका सेवेचे नाव लिहून ठेवले होते आणि ती सेवा बंद पडली होती. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनांत ही सोय सेटिंगमधल्या नेटवर्क विभागात असते. ती 'ऑटोमॅटिक' केली आणि मावशींचे व्हॉट्सअ‍ॅप तिथेच टिंगटिंग वाजू लागले. फोन फॉरमॅट केला असता तर नातवाचे सगळे फोटो गेले असते.

'रिफ्यूज्ड', 'रिसेट' आणि 'प्रॉक्सी'

हे तीन संदेश थोडक्यात सांगतो. 'कनेक्शन रिसेट' म्हणजे बोलणे सुरू झाले आणि मध्येच कोणी फोन ठेवला. कमकुवत नेट, मुदत संपलेला अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन (आपले नेट दुसरीकडच्या, बहुधा परदेशातल्या सर्व्हरवरून फिरवणारे अ‍ॅप) ही नेहमीची कारणे. व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करूनच सरकारी साइट उघडावी, कारण काही सरकारी साइटी परदेशातून येणारी विनंती घेत नाहीत आणि व्हीपीएनमुळे आपण परदेशात आहोत असे त्यांना वाटते. 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क विभागात प्रॉक्सी, म्हणजे आपले नेट ज्या मधल्या संगणकातून जाते त्याचा पत्ता, उघडून हाताने लिहिलेला प्रॉक्सी बंद करावा. तो आपण लिहिलेला नसेल तर संगणकात नको असलेले काही शिरले आहे असे समजून पूर्ण तपासणी करावी.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावर यंत्र आहे, पण दार उघडायला कोणी नाही. सेवा केंद्रांत हा संदेश फार वेळा एका खास जागी दिसतो. बोटाचा ठसा घेताना पान अडकते आणि पत्त्यात १२७.०.०.१ किंवा लोकलहोस्ट दिसते. हा आकडा म्हणजे आपलाच संगणक. ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी सेवा, म्हणजे ठसा ब्राउझरपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, याच पत्त्यावर १११०० ते १११२० या क्रमांकांच्या पोर्टवर ऐकत असते आणि ती बंद असली की ब्राउझर 'रिफ्यूज्ड' म्हणतो. नेट पुरवणाऱ्याला फोन करण्याचा इथे काहीही संबंध नाही. यंत्राची केबल काढून लावावी, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ती सेवा पुन्हा सुरू करावी आणि यंत्राच्या नोंदणीची मुदत संपली नाही ना हे पाहावे.

"तुमचे कनेक्शन खासगी नाही"

हा लाल त्रिकोणाचा संदेश मी वेगळा काढून सविस्तर सांगतो, कारण यात चुकीचा निर्णय घेतला तर पैसे जातात. साइटने आपण खरोखर तीच आहोत हे दाखवणारे प्रमाणपत्र ब्राउझरला द्यायचे असते. ते पटले नाही, तर ब्राउझर दार अडवून उभा राहतो. खाली बारीक अक्षरांत कारण लिहिलेले असते आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

'सर्ट डेट इनव्हॅलिड' असे कारण असेल तर सर्वांत आधी संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. एका जुलैत आमच्या केंद्रात रात्रभर लाइन नव्हती, इन्व्हर्टरही उतरला होता. सकाळी संगणक सुरू केला तर विम्याची साइट, बँकेची साइट, सातबाऱ्याची साइट, सगळीकडे हाच त्रिकोण. मी नेट पुरवणाऱ्याला फोन केला, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, दीड तास गेला आणि बाहेर चाळीस माणसे उभी. शेवटी रांगेतल्या बारावीच्या एका मुलाने सांगितले, "काका, तारीख पाहा ना." पडद्यावर १ जानेवारी २०१२ होती. प्रमाणपत्राला सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असते. संगणक स्वतःला २०१२ मध्ये समजत होता, म्हणून त्याच्या लेखी प्रत्येक साइटचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आले नव्हते. वीज नसताना वेळ राखण्याचे काम मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या चपट्या सेलचे असते आणि जुन्या संगणकांत तो चारपाच वर्षांत उतरतो. त्याच्यावर सीआर २०३२ असे छापलेले असते. गावातल्या घड्याळवाल्याकडे तो मिळाला. संगणकाची वायर काढून, बाजूचे झाकण उघडून, जुना सेल नखाने उचलून नवा बसवायला पाच मिनिटे लागली. नवा बसवताना अधिकचे चिन्ह वर असावे लागते. तेव्हापासून तसा एक जादा सेल मी टेबलाच्या खणात ठेवतो.

तारीख बरोबर असूनही हाच संदेश येत असेल आणि तो दुसऱ्या फोनवरही येत असेल, तर साइट चालवणाऱ्यांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केलेले नाही. वाट पाहण्याखेरीज आपल्या हाती काही नाही. 'सर्ट अथॉरिटी इनव्हॅलिड' हा संदेश जुन्या यंत्रांवर जास्त येतो. सही करणाऱ्या मोठ्या संस्थांची यादी यंत्रात साठवलेली असते आणि यंत्र जुने झाले की ती यादीही जुनी होते. लेट्स एनक्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रे देणारी संस्था असंख्य साइटी वापरतात, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत तिचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र नाही आणि ज्या उसन्या सहीवर ते फोन चालत होते, ती २०२४ मध्ये संपली. अशा फोनवर फायरफॉक्स टाकून पाहावा, कारण तो आपली यादी स्वतःजवळ ठेवतो. विंडोज ७ वरच्या क्रोमचीही हीच गत आहे. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ ला सुरक्षेच्या सुधारणा देणे थांबवले आणि २०२३ मध्ये क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर शेवटची ठरली. असा संगणक बँकेच्या कामाला वापरू नये.

या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून "तरीही पुढे जा" असा मार्ग असतो. रांग वाढते, लोक ओरडतात आणि तो मार्ग खुणावतो. जिथे आधार, ओटीपी, बँक खाते किंवा पासवर्ड लिहायचा आहे, तिथे तो कधीही घेऊ नये. समोरच्या माणसाचे विश्वासाने दिलेले कागद आपल्या हातात असतात.

ब्राउझरचे स्वतःचे दुखणे

एकच साइट, एकाच संगणकावर, एकाच ब्राउझरमध्ये अडत असेल आणि संदेश 'टू मेनी रीडायरेक्ट्स' किंवा '४०० बॅड रिक्वेस्ट' असा असेल, तर बहुधा त्या साइटच्या कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, बिघडल्या आहेत. खात्री करायची सोपी रीत म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडावी आणि तिथे तीच साइट पाहावी. तिथे उघडली तर दोष कुकीचा किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनचा (जादा सोयीचा) आहे हे ठरले. मग पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्याच साइटचा डेटा काढावा. 'क्लिअर ब्राउझिंग डेटा'मध्ये जाऊन सगळ्या चौकोनांवर खूण करू नये. मी एकदा तसे केले आणि साठवलेले सगळे पासवर्ड गेले, त्यांत ज्यांचे नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बंद होते अशा पाच शेतकऱ्यांच्या खात्यांचेही होते. त्यांपैकी दोघांना तालुक्याच्या कचेरीत तीन खेटे घालावे लागले, आणि ते माझ्यामुळे.

दोष पलीकडे असेल तर

संदेशात ४०४ असेल तर सर्व्हर चालू आहे, ते पान तेवढे हललेले आहे. साइटच्या मुखपृष्ठावरून पुन्हा वाट शोधावी. ४०३ म्हणजे आत येण्याची परवानगी नाही. पाचशेच्या घरातले आकडे, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४, हे सगळे सर्व्हरच्या बाजूचे दुखणे आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ५०३ आणि ५०४ दिसतात त्याचे कारण गर्दी, आणि दर पाच सेकंदांनी रिफ्रेश दाबून आपण त्या गर्दीत भरच घालतो. पहाटे पाच ते सात या वेळात त्याच साइटी सहसा सुरळीत चालतात. मी शेवटचे तीन दिवस केंद्र पहाटे उघडतो आणि लोकांनाही आधीच तसे सांगून ठेवतो.

पैसे भरण्याच्या पानावर मात्र वेगळा नियम आहे. 'पे' दाबल्यावर पान अडकले, टाइम आउट झाले किंवा ५०४ आले, तर रिफ्रेश किंवा मागे जाण्याचे बटण दाबू नये, तीच रक्कम पुन्हा भरू नये. आधी खातेदाराच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला का ते पाहावे, मग नव्या टॅबमध्ये त्या साइटवर पुन्हा लॉगिन करून अर्जाची किंवा व्यवहाराची स्थिती पाहावी. पैसे गेले आणि अर्ज अपूर्ण दिसतो असे असेल, तर व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा आणि स्थिती बदलते का हे काही वेळाने पाहावे. दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळवायला किती कागद लागतात हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

तक्रार करायची वेळ आली तर "साइट चालत नाही" असे लिहू नये. साइटचे पूर्ण नाव, संदेशातले नेमके शब्द, तारीख, मिनिटासह वेळ, आणि दुसऱ्या नेटवर पाहिले तेव्हा काय झाले, हे पाच तपशील लिहावेत आणि स्क्रीनशॉट जोडावा. विंडोजवर तो विंडोजचे बटण, शिफ्ट आणि एस एकत्र दाबून मिळतो. मुदतीच्या दिवशी साइट बंद होती हे पुढे कोणाला दाखवायची वेळ आली, तर हाच वेळेसह असलेला स्क्रीनशॉट शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. म्हणून त्याची एक छापील प्रत त्यांच्या सातबाऱ्याला टाचून, त्यांच्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्यावी.